फायबर बोटीचा कुजलेला फ्लोअर: जुन्यावर नवा प्लाय का ठोकू नये, आणि काम मुळापासून कसं करावं

तुमची बोट १८ फुटी, फायबरची, वीसेक वर्षं जुनी. मागे ४० एचपीचं आऊटबोर्ड. मालवणजवळ कर्ली खाडीत देवबागच्या बाजूला असते, गळाच्या मासेमारीला आणि घरच्यांना फिरवायला वापरता. स्टिअरिंगसमोर उभं राहिलं की फ्लोअर पायाखाली दबतो, सीटचे बोल्ट नुसते फिरतात, आवळत नाहीत. जुन्या फ्लोअरवरच १२ मिलिमीटरचा प्लाय स्क्रूने बसवून वर काचेच्या धाग्यांची मॅट मारली तर चालेल का, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात हे उरकेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ आहे. जुन्यावर नवा प्लाय ठोकलेल्या बोटी गेल्या पंचवीस वर्षांत मी बऱ्याच उघडल्या. वरचा नवा प्लाय तेवढा शाबूत आणि खाली काळा चिखल, असं दृश्य दर वेळी. त्यातही वरचा प्लाय खालून ओला झालेलाच असतो. शिवाय एका १२ मिमी प्लायच्या शीटचं वजन साधारण २५ किलो. दोन शीट, मॅट आणि ती चिकटवायचं रेझिन धरून तुम्ही बोटीवर सत्तर-ऐंशी किलो वाढवता, आणि ते सगळं खालच्या कुजक्या लाकडाच्या आधारावर उभं करता.

फ्लोअर समुद्राच्या पाण्याने कुजत नाही, तो पावसाच्या पाण्याने कुजतो. खारं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही, गोडं पाणी मानवतं. आपल्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही जुलैत काही नवी गोष्ट नाही. तुमच्या बोटीचा वरून उघडा भाग आठ चौरस मीटर धरला, तर त्या एका दिवसात आत ८०० लिटर पाणी पडतं. मागचा ड्रेन प्लग लावलेला राहिला, नाहीतर पानं अडकून भोक बंद झालं, की ते पाणी फ्लोअरखाली उतरतं आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच बसतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला, हवा खेळली नाही आणि ऊब असली, की बुरशीला आणखी काही लागत नाही. वडिलांच्या काळी लाकडी होड्यांना माशाचं तेल नाहीतर काजूच्या टरफलांचं तेल दर वर्षी पाजायचे, आणि होडी उघडीच असल्यामुळे लाकूड श्वास घ्यायचं. फायबरच्या बोटीत आपण तेच लाकूड चारही बाजूंनी बंद करतो. आत पाणी शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते.

म्हणून फळी बदलण्याआधी शोध पाण्याच्या वाटेचा. तो घेतला नाही तर तीन पावसाळ्यांनी तुम्ही पुन्हा याच जागी उभे असाल.

पहिलं काम तपासणी. एक छोटी हातोडी घ्या आणि उलट्या बाजूने, लाकडी दांड्याने, फ्लोअर वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगली जागा टणटण वाजते, कुजलेली भद्द. खडूने हद्द आखा. तुम्हाला दिसतोय त्याच्या दुप्पट-तिप्पट भाग बहुतेक निघेल. मग खालचे स्ट्रिंगर बघा, म्हणजे तळाच्या लांबीत नाळेपासून (पुढच्या टोकापासून) ट्रान्समपर्यंत (इंजिन अडकवलेल्या मागच्या फळ्यापर्यंत) जाणारे ते उभे पट्टे. ट्रान्समजवळ ते सगळ्यात खोल असतात, तिथे स्ट्रिंगरच्या कुशीत ६ मिमीचं भोक पाडा आणि ड्रिलला लागलेला भुसा हातात घ्या. फिका आणि कोरडा असेल तर नशीब चांगलं. काळपट, ओला, कुबट वासाचा असेल तर स्ट्रिंगरही गेले. कधी कधी भोकातून पाण्याची धारच लागते.

ट्रान्सम विसरू नका. इंजिन थोडं वर उचलून खालच्या पायाला धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडे बघत राहायला सांगा. फळा वाकताना दिसला, कडेला रेझिन तडकलेलं दिसलं, तर फ्लोअरच्या आधी ट्रान्सम. ४० एचपीचं इंजिन, त्याची ढकल आणि लाटेचा मार हे सगळं त्या एका फळ्यावर असतं. तो सुटला तर बोट मागून भरते, आणि त्याला काही सेकंदच लागतात. फ्लोअर सुंदर करून ट्रान्सम तसाच ठेवलेली बोट मी कुणाच्याही मुलाबाळांना बसायला देणार नाही.

आता हंगाम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वरच असते, तेव्हा दुरुस्ती करू असं इथे सगळ्यांना वाटतं. सुतारकामापुरतं ते ठीक. रेझिनच्या कामाला तो काळ सगळ्यात वाईट. हवेत ८५-९० टक्के दमटपणा, लाकूड वाळत नाही, मॅटचे धागे हवेतला ओलावा ओढतात, आणि रेझिन चिकट राहतं किंवा धरलं तरी काही महिन्यांनी सालासारखं सुटतं. दिवाळीनंतर थंड कोरडी हवा सुरू झाली की उघडा, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर मुळीच नको. फ्लोअर काढल्यावर तळ वाळायलाच दोन-तीन आठवडे लागतात.

बोट जमिनीवर घेताना ती समतल आहे का बघा, आणि तळाला जितक्या जागी आधार देता येईल तितक्या जागी द्या. वाळूची पोती आणि जुने टायर यांच्यासारखी दुसरी सोय नाही. फ्लोअर आणि स्ट्रिंगर काढल्यावर तुमचा तळ म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचं नुसतं कवच. आधार कमी पडला तर ते पोट सोडतं, आणि त्या आकारात तुम्ही नवे स्ट्रिंगर बसवले की बोटीची चाल कायमची बिघडते. काठापासून काठापर्यंत दोन-तीन आडव्या रिपा स्क्रूने बांधून ठेवा, म्हणजे बाजू आत-बाहेर सरकणार नाहीत. स्ट्रिंगर बदलायचे असतील तर एका वेळी एकच काढा.

कापायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी बाहेर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फ्लोअरखाली साचून राहते, आणि कटर मशीनची एक ठिणगी पुरते. टाकी काढल्यावर दोन दिवस सगळी झाकणं उघडी ठेवा. स्टिअरिंगची केबल आणि वायरी कुठून जातात त्याचे फोटो काढा. कटरची खोली प्लायच्या जाडीइतकीच ठेवा, आणि कापणी बाजूच्या भिंतीपासून दोन इंच आत. राहिलेली कड नंतर ग्राइंडरने, ३६ ग्रिटच्या डिस्कने, हळूहळू काढता येते. घाईत भिंतीला लावून कापलं तर तळ कापला जातो. जुना फ्लोअर शक्य तितका अखंड काढा. तोच नव्याचा साचा. तुकडे झाले तर पुठ्ठ्याचा साचा करा, आणि फ्लोअरची जुनी उंची दोरी ताणून भिंतीवर आखून ठेवा.

फायबरची धूळ फुप्फुसात राहते. साधा कापडी मास्क नको, फिल्टरचा मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. अंग आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने खाज वाढते.

फ्लोअरखाली पिवळा फोम दिसेल. त्याचा एक तुकडा पिळून बघा. एक घनफूट पाणी म्हणजे २८ किलो. तुमच्या बोटीत १० घनफूट फोम असेल आणि तो निम्मा पाण्याने भरला असेल, तर तुम्ही कित्येक वर्षं दोन माणसांचं वजन फुकट वाहताय, आणि पेट्रोल जास्त का जातं त्याचं उत्तरही तेच. ओला फोम वाळत नाही, काढून टाका. पण पुन्हा फोमच नको, हा निर्णय मात्र करू नका. बोट पाण्याने भरली तर ती तुम्हाला धरून राहावी म्हणून तो असतो. चांगल्या बंद पेशींचा एक घनफूट फोम साधारण २७ किलोचा तराव देतो. थर्माकोल वापरू नका: पेट्रोलने तो विरघळतो, आणि पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननेही. दोन द्रव मिसळून ओतायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घेतला तर तो थोडा थोडा आणि उघड्यावर ओता, वर फुगायला जागा ठेवा. बंद पोकळीत ओतला तर त्याचा जोर फ्लोअर उचलतो. मधोमध, तळाच्या सगळ्यात खोल रेषेवर, पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरून उपडा ठेवा आणि मग दोन्ही बाजूंना फोम भरा. नाळेपासून ड्रेन प्लगपर्यंत पाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

तळ मोकळा झाला की खरवडा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, आणि उन्हात सोडा. वाळला का हे कळायला एक साधी युक्ती: संध्याकाळी फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेप लावून तळावर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे.

स्ट्रिंगर बदलताना सागच हवा, असा अनेकांचा आग्रह असतो. साग उत्तम लाकूड, पण तेलकट. रेझिन त्याला नीट धरत नाही. चांगल्या मरीन प्लायच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेला स्ट्रिंगर मला जास्त भरवशाचा वाटतो. ताकद मुख्यतः वरून चढवलेल्या फायबरच्या टोपीत असते, आतलं लाकूड आकार देतं. स्ट्रिंगर तळावर कोरडा टेकवू नका, नाहीतर लाटेचा मार त्या रेषेवर बसतो आणि बाहेरून जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, सरळ भेग जाते. रेझिनमध्ये एरोसिल पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा, त्या गादीवर तो बसवा, आणि दोन्ही कडांना त्याच पुट्टीने बोटाच्या गोलाईचा कोपरा भरा. मग ४५० ग्रॅमची मॅट, वर ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (जाड विणलेलं काचेचं कापड), वर पुन्हा मॅट. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा इंचभर पुढे, तीन, चार, पाच इंच असा तळावर पसरलेला. स्ट्रिंगरमधून पाणी जाण्यासाठी जी भोकं ठेवता, त्यांत पीव्हीसी पाइपचा तुकडा पुट्टीने बसवा. ही भोकं उघड्या लाकडाची ठेवलेली मी बहुतेक बोटींत पाहिलीत, आणि कुज तिथूनच सुरू झालेली असते.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा घ्या. त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही याची चाचणी त्या मानकात आहे. पण मरीन प्लाय म्हणजे न कुजणारा प्लाय नव्हे. टिकतो तो गोंद, लाकूड शेवटी लाकूडच. स्ट्रिंगर १६ इंच किंवा त्याहून जवळ असतील तर दोन्ही बाजूंना फायबर चढवलेला १२ मिमी पुरतो, अंतर जास्त असेल तर १८ मिमी.

रेझिनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. पॉलिएस्टर स्वस्त, सगळीकडे मिळतं, आणि जुन्या फायबरवर, नीट घासून घेतलं तर, चांगलं धरतं. लाकडावर त्याची पकड कमी. इपॉक्सी कितीतरी महाग, पण लाकडावर त्याच्या तोडीचं काही नाही. पैसे पुरत असतील तर सगळं काम इपॉक्सीत करा. मग मात्र साध्या मॅटऐवजी विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या, कारण नेहमीच्या मॅटचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा पदार्थ) स्टायरीनमध्ये विरघळावा असा केलेला असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. वर जेलकोटही नको, पीयू रंग मारा. इपॉक्सीचा थर धरल्यावर वर मेणचट चिकटपणा येतो, तो पाण्याने आणि घासणीने धुऊन मगच पॉलिश पेपर लावा. इपॉक्सीच्या हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, एक थेंब इकडे-तिकडे नाही.

पॉलिएस्टर घेतलंत तर हा भाग दोनदा वाचा. आपल्याकडे रेझिन, कोबाल्ट (रेझिन धरण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (ते कडक करणारं) असे तीन डबे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, दोन्हींना एकच मापही वापरू नका. आग लागते, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर, एक किलोला १० ते २० मिली. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालूनच डबा उघडा, आणि पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवा. उडालंच तर निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. उन्हाळ्यात एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका, आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रे वापरा. डब्यात उष्णता साठली की रेझिन धूर सोडत दगड होतं.

तुमच्या फ्लोअरचा अंदाज सांगतो: १२ फूट लांब, ५ फूट रुंद, म्हणजे ६० चौरस फूट, प्लायच्या दोन पूर्ण शीट. ४५० ग्रॅम मॅटचा एक थर अडीच किलो, आणि मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून थोडं जास्त रेझिन. खालून एक आणि वरून दोन थर धरले तर साडेसात किलो मॅट आणि १७-१८ किलो रेझिन. स्ट्रिंगर, पुट्टी आणि वाया जाणारं मिळून ३० किलो आणा.

प्लाय आधी कोरडाच बसवून बघा. भिंतीपासून सगळीकडे ५-६ मिमी फट राहू द्या, ती नंतर पुट्टीने भरायची. जोड स्ट्रिंगरवरच यायला हवा. मग प्लाय बाहेर काढून खालची बाजू आणि कडा पूर्ण करा. कडा म्हणजे प्लायची तहानलेली तोंडं, त्यांना रेझिन पिणं थांबेपर्यंत पाजत राहा, तीन हात तरी. खालच्या बाजूला मॅटचा एक थर. हे न करता फक्त वरून फायबर चढवणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे, कारण खालची बाजू नंतर कुणाला दिसत नाही. स्ट्रिंगरच्या माथ्यावर पुट्टी लावून प्लाय बसवा, ३१६ स्टीलच्या स्क्रूने धरा, दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून भोकं रेझिनने भरा. फ्लोअर पुट्टीने आणि फायबरने धरलेला असतो, स्क्रूची गरज संपलेली असते. मग कडेचा गोल कोपरा, भिंतीवर तीन इंच चढणारी मॅट, आणि वरून दोन थर. पॉलिएस्टर असेल तर शेवटच्या हातात रेझिनमध्ये मेणाचं द्रावण घाला, नाहीतर वरचा पापुद्रा हवेमुळे चिकट राहतो. घसरू नये म्हणून ओल्या रंगावर चाळलेली, गोड्या पाण्यात धुऊन वाळवलेली बारीक वाळू भुरभुरा. कार्पेट टाकू नका. तो ओल धरून ठेवणारा स्पंजच आहे.

आता सीटच्या बोल्टकडे येतो. तुमचा फ्लोअर बहुधा तिथूनच कुजला. मी स्वतः या कामात नवा असताना एका मच्छीमाराच्या बोटीचा फ्लोअर केला होता. प्लाय चांगला, थर नीट, मीही समाधानी. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बोट परत आली, मधला भाग मऊ. उघडून बघितलं तर मासळीच्या पेटीचा पट्टा बांधायला त्याने नंतर चार स्क्रू मारले होते, आणि त्या चार भोकांभोवती ताटाएवढे चार काळे डाग. चूक त्याची नव्हती. पेटी कुठे बांधणार हे मी त्याला विचारलंच नव्हतं. सामानाच्या खर्चात ती बोट पुन्हा करून दिली. तेव्हापासून रंग मारण्याआधी मी मालकाला बोटीत उभं करतो आणि प्रत्येक वस्तू कुठे बसणार ते खडूने आखून घेतो.

त्या प्रत्येक खुणेवर असं करायचं: बोल्ट ६ मिमीचा असेल तर भोक १२ मिमीचं पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने गच्च भरा, दोन दिवसांनी त्याच्या मधोमध ६ मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या नळीत बसलाय, पाणी झिरपलं तरी लाकडाला शिवत नाही. वर सीलंट लावाच. हे वेळखाऊ आहे, वीस भोकांना दोन दिवस जातात. मजुरी कमी करायला सांगितली तर मी इतर कुठेही करेन, इथे नाही.

ट्रान्समजवळ एक आणि मध्ये एक अशी सहा इंची फिरकीची झाकणं बसवा, म्हणजे फ्लोअरखाली हात घालता येईल आणि हवाही खेळेल. बोटीत पर्यटक बसवणार असाल तर काम सुरू करण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्वेअरशी बोलून घ्या. बंद झालेलं काम त्याला नंतर दाखवता येत नाही.

यंदाचा पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा आत्ता एवढंच करा. बोट वर घ्या, टाकी, बॅटरी आणि सीट काढा. नाळ मागच्या बाजूपेक्षा फूटभर उंच राहील अशी टेकवा, ड्रेन प्लग काढून घरात ठेवा. ताडपत्री बोटीला घट्ट गुंडाळू नका. मधोमध बांबूचा आढा बांधून छपरासारखी टाका, दोन्ही टोकं उघडी, म्हणजे वारा आरपार जाईल. मऊ भागात तळहाताएवढं भोक कापून ठेवलंत तरी हरकत नाही, तो भाग जाणारच आहे आणि तेवढीच हवा आत जाईल. आठवड्यातून एकदा ड्रेनच्या भोकात काडी घालून बघा. दिवाळीनंतर ट्रान्सम आणि स्ट्रिंगर तपासून भुसा कसा निघाला ते कळवा, त्यावरून सामानाची यादी ठरवू.